‘पेर’ या अव्ययाचा अर्थ : असीसीच्या फ्रान्सिसचे सृष्टिस्तोत्र आणि मराठी तृतीया

असीसीच्या फ्रान्सिसने इ. स. १२२५ च्या सुमारास आपल्या उंब्रिया प्रांताच्या बोलीत रचलेले एक लहानसे स्तोत्र इटालियन भाषेतील अगदी आरंभीच्या काव्यांत गणले जाते. ‘सूर्यबंधूचे गीत’ किंवा ‘सृष्टिस्तोत्र’ या नावांनी ते परिचित आहे. सूर्य, चंद्र आणि तारे, वारा, पाणी, अग्नी व पृथ्वी यांचा क्रमाने निर्देश करीत परमेश्वराची स्तुती करावयाची, एवढाच त्याचा मूळचा विषय. ख्रिस्ती श्रद्धेने निसर्गाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हा प्रश्न निघाला की या स्तोत्राचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. परंतु स्तोत्राचे नाव घेणे निराळे आणि स्तोत्र वाचणे निराळे. वाचू लागले की पाचसहा कडव्यांच्या आरंभी पुन:पुन्हा येणारा एक बारीकसा शब्द आडवा येतो. तो म्हणजे ‘पेर’ हे नामाच्या आधी लागणारे अव्यय. परमेश्वरा, तुझी स्तुती असो, असे म्हणून कवी लगेच ‘पेर’ हा शब्द आणि त्यापुढे चंद्राचे, वाऱ्याचे, पाण्याचे नाव ठेवतो. या ‘पेर’चा अर्थ काय?

इटालियन ‘पेर’मध्ये लॅटिनमधील दोन अव्ययांचे अर्थ येऊन मिळालेले आहेत: एकाचा अर्थ ‘मधून’ किंवा ‘द्वारा’, तर दुसऱ्याचा ‘साठी’ किंवा ‘बद्दल’. शिवाय तेराव्या शतकातील इटालियनमध्ये कर्मणि रचनेतील कर्त्यालाही हेच अव्यय लागत असे. त्यामुळे स्तोत्राचे तीन अर्थ संभवतात. चंद्र निर्माण केल्याबद्दल मनुष्य देवाची स्तुती करीत आहे, हा पहिला. चंद्राच्या द्वारा, म्हणजे चंद्राकडे पाहता पाहता, त्याच्यामधून देवाची स्तुती घडत आहे, हा दुसरा. आणि स्वत: चंद्रच देवाची स्तुती करीत आहे किंवा त्याने ती करावी, हा तिसरा. इटालियन पंडितांत या विषयावर दीर्घकाळ वाद झालेला आहे. निसर्ग आणि धर्म यांविषयी सर्वसाधारण चर्चा करणारे मात्र तीनांपैकी सोयीचा अर्थ उचलतात आणि पुढे जातात.

प्रश्न शाब्दिक वाटला तरी केवळ शाब्दिक नाही. पहिला अर्थ घेतला तर या काव्यात गाणारा एकटा मनुष्य असून सृष्टी ही त्याला मिळालेली देणगी ठरते. देणगीविषयी कृतज्ञ असावे, ती वापरावी. दुसऱ्या अर्थाने सृष्टी ही खिडकी होते. खिडकीतून पलीकडे पाहावयाचे असते, खिडकीकडे नव्हे. तिसऱ्या अर्थाने सृष्टीला स्वत:चा आवाज मिळतो. मनुष्याने तिकडे लक्ष दिले नाही तरी तो आवाज चालूच राहतो. ख्रिस्ती धर्मविचारात या तिन्ही भूमिका निरनिराळ्या काळी मांडल्या गेल्या आहेत. असीसीच्या कवीची भूमिका कोणती, हे त्या एका अव्ययावर अवलंबून आहे.

प्रथम संहितेकडे वळावे. स्तोत्राची सर्वांत जुनी ज्ञात प्रत असीसी येथील ३३८ क्रमांकाच्या तेराव्या शतकातील हस्तलिखितात आहे. त्या प्रतीत स्वरलेखनासाठी जागा मोकळी सोडलेली आहे, पण स्वर कोणी लिहिलेच नाहीत. तेव्हा गीत गाण्यासाठी रचले होते एवढे निश्चित कळते, चाल मात्र कळत नाही. त्या प्रतीत स्तोत्राला लॅटिन मथळा आहे. ‘सृष्ट वस्तूंची स्तोत्रे’ येथे आरंभ होत आहेत, ती फ्रान्सिसने सान दामियानो येथे आजारी असताना केली, असा त्याचा आशय. मौज अशी की, मथळ्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण त्यातील षष्ठीही दुहेरी आहे. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कृदन्ताच्या योगाने कर्ता आणि कर्म या दोघांनाही षष्ठी होते, हे पाणिनीने सांगून ठेवलेले आहे. ‘सृष्टीची स्तुती’ म्हणजे सृष्टीने केलेली स्तुती की सृष्टीविषयीची स्तुती? लॅटिनमध्ये, संस्कृतात आणि मराठीतही उत्तर एकच: दोन्ही.

आता स्तोत्राच्या पोटात काय पुरावा सापडतो ते पाहू. सूर्याच्या कडव्यात ‘पेर’ नाही. तेथे ‘सह’ या अर्थाचे अव्यय आहे: परमेश्वरा, तुझ्या सर्व सृष्ट वस्तूंसह तुझी स्तुती असो, आणि त्यांतही विशेषेकरून सूर्यबंधूसह. हे ‘सह’ कोणाशी जोडावयाचे? स्तुती करणाराशी की ज्याची स्तुती होते त्याच्याशी? देवाबरोबर सूर्याचीही स्तुती होत असेल तर सनातनी ख्रिस्ती मनाला तेथे धोका दिसणार. स्तुती करणाऱ्या मेळाव्यात सूर्य सामील होत असेल तर तो धोका टळतो. सूर्य हा परमेश्वराचे चिन्ह वाहतो असे पुढे कवी म्हणतो. चिन्ह म्हणजे चिन्हित नव्हे, हे ध्यानात ठेवले की पहिल्या शक्यतेची धार बोथट होते. तथापि ती नाहीशी होत नाही.

पुढच्या कडव्यांत ‘पेर’ येते, आणि एकाच अर्थाने येते असेही नाही. वाऱ्याविषयी बोलताना, ज्याच्या योगे तू आपल्या प्राण्यांना पोसतोस, असे एक उपवाक्य आहे. अग्नीविषयी बोलताना, ज्याच्या योगे तू रात्र उजळतोस, असे दुसरे आहे. या दोन्ही उपवाक्यांत तेच ‘पेर’ असून तेथे ते नि:संशय करणाचा, साधनाचा अर्थ देते. क्षमा करणाऱ्यांच्या कडव्यात, तुझ्या प्रेमाखातर क्षमा करतात, असे म्हणताना तेच अव्यय हेतूचा अर्थ देते. म्हणजे कवीच्या कानाला हा शब्द एकाच लहान रचनेत कधी साधनाचा, कधी हेतूचा लागत होता. मुख्य वाक्यातील ‘पेर’ या दोहोंच्या मधोमध उभे आहे. हे कवीने जाणूनबुजून केले असे म्हणण्याचा मोह होतो. पण आजारी माणसाने बोलीभाषेत गाण्यासाठी केलेल्या रचनेत श्लेषाची कारागिरी शोधू नये. भाषेनेच त्याच्यासाठी हे काम करून ठेवले होते.

यापेक्षा बलवत्तर पुरावा मला वाक्यरचनेत दिसतो. स्तोत्राच्या सुरुवातीलाच कवी सांगतो की, सर्व स्तुती, गौरव आणि मान त्या परात्पराचाच असून त्याचे नाव उच्चारण्यास कोणीही मनुष्य योग्य नाही. एवढे सांगून झाल्यावर तो स्तुतीला लागतो! हा विरोध वरवरचा नाही. मनुष्य नाव घेण्यास अपात्र असेल तर स्तुती करणार कोण? स्तोत्राने याचे उत्तर व्याकरणातून दिले आहे. ‘मी स्तुती करतो’ असे वाक्य या काव्यात कोठेही नाही. ‘माझ्या प्रभू’ या संबोधनात ‘माझ्या’ आहे, परंतु ‘मी’ नाही. क्रियापद कर्मणि व आशीर्वादार्थी आहे: तू स्तविला जावोस. कर्त्याची जागा मोकळी ठेवलेली आहे. आणि मोकळ्या जागेपुढे लगेच ‘पेर’ हे अव्यय घेऊन चंद्र, वारा, पाणी येतात. ऐकणाराने त्यांना त्या रिकाम्या आसनावर बसविले तर त्याचा काय दोष?

याचा जुन्या आदर्शांशी ताडा घेतला तर फरक चांगला दिसतो. स्तोत्रसंहितेतील १४८ वे स्तोत्र आणि दानिएलाच्या ग्रंथातील भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांचे गीत हे फ्रान्सिससमोरचे नमुने होते याविषयी मतभेद नाही. (हे दुसरे गीत प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलात मुख्य संहितेत येत नाही, म्हणून अनेक मराठी वाचकांना ते अपरिचित असेल.) त्या दोन्ही ठिकाणी संबोधन आणि आज्ञार्थ आहे: सूर्याला, हिमाला, गारांना, डोंगरांना, श्वापदांना, राजांना हाक मारून स्तुती करावयास सांगितले जाते. आज्ञा देणारा मनुष्य उंच चौथऱ्यावर उभा असतो. फ्रान्सिसने हा चौथरा काढून टाकला. तो चंद्राशी बोलत नाही, देवाशी बोलतो; चंद्राला आज्ञा करीत नाही. अखेरच्या ओळीत मात्र अनेकवचनी आज्ञार्थ येतो, आणि तेथे सेवा व विनम्रता यांचा उल्लेख असल्यामुळे ती आज्ञा माणसांनाच असावी.

यादीतील आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ज्या फ्रान्सिसने पक्ष्यांना प्रवचन दिले आणि लांडग्याची समजूत घातली अशा कथा सर्वत्र सांगितल्या जातात, त्याच्या या स्तोत्रात एकही पक्षी नाही, एकही पशू नाही. फुलांचा, गवताचा, फळांचा उल्लेख पृथ्वीच्या कडव्यात येतो तेवढाच. महाभूतांवरच कवीची दृष्टी खिळलेली आहे. आपल्याकडील पंचमहाभूतांपैकी आकाश तेवढे नाही, आणि त्याची जागा सूर्यचंद्रांनी घेतली आहे असे म्हणता येईल.

आता बाह्य पुरावा. तो दोन्ही बाजूंनी बोलतो. फ्रान्सिसच्या सहवासातील मंडळींच्या आठवणी ज्यात संकलित झाल्या त्या ‘असीसी संग्रहा’त असे सांगितले आहे की, ज्या वस्तू आपण रोज वापरतो, ज्यांच्यावाचून जगू शकत नाही आणि ज्यांच्या बाबतीत मनुष्यजात निर्मात्याचा अपराध करते, त्या वस्तूंविषयी आपण नवे स्तोत्र करणार असे फ्रान्सिस म्हणाला. हे ‘बद्दल’च्या पक्षाचे मोठे प्रमाण होय. उलट त्याचा पहिला चरित्रकार सेलानोचा टॉमस हा, फ्रान्सिस त्या तीन तरुणांप्रमाणे सर्व महाभूतांना स्तुतीसाठी प्रवृत्त करीत असे, असे लिहितो. हे ‘कडून’च्या पक्षाचे प्रमाण. सहवासातील माणसांची साक्ष अधिक वजनाची मानावी, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि मीही काही काळ त्या नियमाने चाललो. किंबहुना हे स्तोत्र मराठीत आणण्याचा प्रयत्न प्रथम केला तेव्हा ‘बद्दल’ हाच शब्द विचार न करता माझ्या लेखणीतून उतरला होता. इंग्रजी भाषांतरांतून वाचन झाले की असे होते.

परंतु त्याच संग्रहात जी परिस्थिती वर्णिलेली आहे तिच्याकडे पाहिल्यावर तो शब्द टिकेना. फ्रान्सिसचे डोळे त्या वेळी जवळजवळ गेलेले होते. सान दामियानो येथील एका झोपडीत तो पन्नासांहून अधिक दिवस पडून होता. दिवसा सूर्याचा उजेड आणि रात्री शेकोटीचा प्रकाश हे दोन्ही त्याला सहन होत नव्हते. उंदीर अंगावरून धावत, जेवताना ताटाशी येत, झोप लागू देत नसत. अशा अवस्थेत केलेल्या रचनेत सूर्य पहिला, आणि रात्र उजळणारा अग्नीही यथाक्रम हजर! ‘बद्दल’ या शब्दात उपभोगाची पावती असते. आपण जेवल्याबद्दल आभार मानतो. ज्याला सूर्य डोळ्यांत सुईसारखा टोचत होता तो सूर्याबद्दल आभार मानीत असेल, तर ते त्याला मिळालेल्या सुखाचे आभार नव्हेत. सूर्य सूर्य म्हणून आहे, आपल्याला तो लाभो वा न लाभो, आणि त्याच्या असण्यानेच निर्मात्याचे गौरव होत आहे, हा भाव तेथे अधिक शोभतो. थोड्याच काळानंतर डोळ्यांवर उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाने डागण्याची वेळ आली तेव्हा, अग्निबंधू, माझ्याशी सौजन्याने वाग, असे तो म्हणाला, हेही चरित्रकाराने नोंदले आहे. आभाराच्या भाषेत हे बसत नाही. नात्याच्या भाषेत बसते.

येथे चंद्रताऱ्यांच्या कडव्याची साक्ष काढावीशी वाटते. वारा पोसतो, पाणी उपयोगी आहे, अग्नी उजळतो, पृथ्वी फळे देते. चंद्रताऱ्यांना मात्र केवळ तीन विशेषणे दिली आहेत: तेजस्वी, मोलाचे, सुंदर. उपयोगाचा एक शब्दही नाही. कडवे लहान आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ‘बद्दल’चा अर्थ येथे सर्वांत दुबळा पडतो. पाण्याच्या कडव्यातही ‘उपयोगी’ या विशेषणानंतर नम्र, मोलाचे आणि शुद्ध अशी तीन विशेषणे आहेत. अग्नीला तर ‘खेळकर’ म्हटले आहे. उपयोगाच्या हिशेबात खेळकरपणाला कोणता रकाना?

मग मराठीत या ‘पेर’चे काय करावे? ‘बद्दल’, ‘साठी’, ‘मुळे’, ‘द्वारा’, ‘कडून’ यांपैकी कोणतेही शब्दयोगी अव्यय घेतले की एक अर्थ राहतो आणि दोन जातात. आधुनिक गद्य मराठीने स्पष्टतेसाठी जी अव्यये वाढविली त्यांची ही किंमत आहे. पण आपल्या भाषेची जुनी विभक्ती हे सर्व अर्थ एकत्र सांभाळीत होती. संस्कृतात तृतीया कर्त्याची, करणाची आणि हेतूचीही आहे, आणि ‘सह’च्या योगातही तृतीयाच येते, म्हणजे सूर्याच्या कडव्यातील ‘सह’ आणि पुढील कडव्यांतील ‘पेर’ ही दोन्ही त्या एका विभक्तीत मावतात. जुन्या मराठीतील ‘तेणें’ हे रूप घ्या. त्याचा अर्थ प्रसंगानुसार ‘त्याने केले’, ‘त्याच्या योगे झाले’ आणि ‘त्या कारणाने झाले’ असा तिन्ही प्रकारे होतो. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मधील, म्हणजे असीसीच्या या स्तोत्रानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी. दोन्ही ठिकाणी धर्मभाषा बाजूला ठेवून देशभाषा स्वीकारलेली आहे, आणि दोन्ही देशभाषांत कर्ता, करण व हेतू यांच्यामधील कुंपणे अजून पक्की झालेली नव्हती. तेराव्या शतकातील एखाद्या मराठी कवीपुढे हे स्तोत्र आले असते तर प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.

आजच्या ‘-ने’ प्रत्ययातही ती शक्ती अगदी संपलेली नाही. ‘त्याने लिहिले’ यात कर्ता आहे, ‘बोरूने लिहिले’ यात करण आहे, ‘भुकेने व्याकूळ झाला’ यात हेतू आहे. म्हणून ‘चंद्राने तुझी स्तुती होवो’ ही रचना, प्रथमदर्शनी थोडी अवघडल्यासारखी वाटली तरी, ‘चंद्राबद्दल’पेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. यावर आक्षेप असा येईल की, कर्ता अध्याहृत असलेल्या कर्मणि वाक्यात तृतीयान्त नाम आले की मराठी कान त्याला कर्ताच समजणार, आणि तीन अर्थ राखण्याच्या नावाखाली भाषांतरकार तिसऱ्या अर्थाचा पक्ष घेणार. आक्षेप खरा आहे. परंतु मुळातील वाक्यही ऐकणाराला तिकडेच झुकवते असे वर दाखविले आहे; भाषांतराने मुळाइतकेच झुकावे, त्याहून सरळ उभे राहण्याचा आग्रह धरू नये.

स्तुतीचा कर्ता कोण हा प्रश्न नात्याच्या शब्दांनी अधिक गुंतागुंतीचा होतो. सूर्य, वारा, अग्नी हे बंधू. चंद्र, पाणी या भगिनी. पृथ्वी एकाच वेळी भगिनी आणि माता. मराठीत हे आणू गेल्यास लिंगव्यवस्था आड येते: चंद्र पुल्लिंगी, पाणी नपुंसकलिंगी. पण अडचण लिंगापुरती असती तर ती समासाने भागली असती. खरी अडचण नात्याच्या प्रकाराची आहे. आपल्या लोकपरंपरेत चंद्र मामा आहे, म्हणजे आईचा भाऊ. आपले त्याच्याशी नाते आईच्या वाटेने येते, आणि पृथ्वीला आई मानले तर ते मोठे सुसंगतही आहे. फ्रान्सिसच्या स्तोत्रात नाते एका पिढीतले, सख्ख्या भावंडांचे आहे. आणि सख्खेपण पित्याच्या वाटेने येते. गमतीची गोष्ट म्हणजे, या संपूर्ण स्तोत्रात देवाला पिता म्हटलेलेच नाही. परात्पर, सर्वसमर्थ, प्रभू हीच संबोधने आहेत. पित्याचा शब्द न काढता केवळ भावंडे मोजून दाखवावयाची आणि पिता कोण हे ऐकणाराने ओळखावयाचे, अशी ही रीत आहे.

या ठिकाणी तुकोबांच्या सर्वपरिचित अभंगाची आठवण मराठी वाचकाला होणारच. तेथे वृक्ष, वेली आणि वनचरे ही सोयरी आहेत, आणि पक्षी गोड सुरांत आळवीत आहेत. म्हणजे सृष्टीच्या मुखी स्तुती घालण्याचे काम आपल्या कवीने कोणत्याही अव्ययाच्या अडचणीवाचून उरकले आहे. फरक नात्याच्या शब्दात आहे. आजच्या व्यवहारात सगा आणि सोयरा यांत आपण भेद करतो: सगा रक्ताचा, सोयरा जोडलेला. तुकोबांच्या शब्दाला आजचा काटेकोर अर्थ लावू नये हे मान्य करूनही, त्यांची सोयरीक वनवासाने, एकांताच्या आवडीने जुळलेली आहे हे अभंगावरून दिसते. फ्रान्सिसचे नाते जुळवावे लागत नाही, ते जन्माने आहे. निर्मितपणा हेच त्या कुळाचे नाव. सावता माळी आणखी पुढे गेला. त्याला मळ्यातील कांदा, मुळा, भाजी हीच विठाबाई झाली. तेथे वाक्यात दोन प्रथमा समोरासमोर उभ्या आहेत. सावत्याला विभक्तीची गरजच पडत नाही. असीसीच्या कवीला ती पडते, कारण निर्माता आणि निर्मिती यांतील अंतर त्याने कधी पुसले नाही. ते अंतर राखूनही जवळीक साधावयाची तर सगळा भार एका अव्ययावर पडतो, आणि म्हणून ते अव्यय इतके वाकलेले दिसते.

ही सूक्ष्मता डोळ्यांआड झाल्यामुळे अलीकडच्या काळात या स्तोत्राच्या वाट्याला दोन प्रकारचे वाचन आले. मध्ययुगीन तंत्रविद्येचा इतिहासकार लिन व्हाइट याने इ. स. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात, निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने मनुष्याला दिलेल्या स्वामित्वाच्या कल्पनेत आहे असे प्रतिपादन केले, आणि त्यावर उतारा म्हणून फ्रान्सिसचे नाव पुढे केले. मनुष्याच्या अमर्याद सत्तेच्या जागी फ्रान्सिसने सर्व सृष्ट वस्तूंची समता आणू पाहिली, असे त्याचे म्हणणे. इ. स. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले, ते याच दिशेने. व्हाइटच्या निबंधाचे ऋण मोठे आहे. पण ‘समता’ हा शब्द स्तोत्रात बसत नाही. सर्व भावंडांत सूर्यालाच तेवढी मानाची, ‘महाराज’ अशा अर्थाची पदवी लावलेली आहे. कुटुंबात नाते असते, समता असेलच असे नाही. हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला कोणी समजावून सांगावयास नको. व्हाइटला हवे होते ते वस्तुत: पृथ्वीच्या कडव्यात होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याने पृथ्वीवर सत्ता चालवावी असे आहे. फ्रान्सिसच्या स्तोत्रात पृथ्वी आपल्याला पोसते आणि आपल्यावर शासन करते असे आहे. शासनाचे क्रियापद कवीने जागचे उचलून उलट्या बाजूला ठेवले आहे. हा बदल समतेच्या घोषणेपेक्षा कितीतरी अधिक धीट म्हटला पाहिजे.

दुसरे वाचन पोप फ्रान्सिस यांच्या इ. स. २०१५ मधील परिपत्रकाचे. त्याचे शीर्षकच या स्तोत्राच्या ध्रुपदातून घेतलेले आहे. मनुष्याच्या कृत्यांमुळे हजारो जीवजाती नष्ट होत असून त्या आता आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करू शकणार नाहीत, असा विचार त्यात मांडला आहे. म्हणजे परिपत्रकाने कर्त्याचा अर्थ पत्करला, आणि त्याचा परिणामही स्वीकारला: जीवजातीचा नाश हा मालमत्तेचा नाश नसून स्तुतीतील एक आवाज बंद पडणे होय. अव्ययाच्या अर्थनिर्णयाला एवढे व्यावहारिक वजन क्वचितच आले असेल. माझी तक्रार इतकीच की, ज्या स्तोत्राचा आधार घेतला त्यात जीवजातींचा निर्देश नाही. तो १४८ व्या स्तोत्रातून घ्यावा लागतो. फ्रान्सिसची महाभूते नष्ट होत नाहीत, ती दूषित होतात. पाण्याला दिलेले ‘शुद्ध’ हे विशेषण आज वाचताना आपण अडखळतो, ते यामुळे.

फ्रान्सिसचे नाव आपल्याकडे तसे नवे नाही. त्याच्या संप्रदायाचे साधू इ. स. १५१७ मध्ये गोव्यात येऊन स्थिरावले. जुन्या गोव्यातील त्यांच्या मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. परंतु त्या संप्रदायाच्या इमारती जेवढ्या परिचित झाल्या तेवढे त्याच्या संस्थापकाचे हे काव्य मराठी अभ्यासकांना परिचित झाले नाही.

स्तोत्राची शेवटची दोन कडवी मागाहून जोडलेली आहेत. असीसीचा बिशप आणि नगराचा मुख्य अधिकारी यांच्यातील भांडण मिटावे म्हणून क्षमा करणाऱ्यांचे कडवे रचले गेले, आणि ते गायल्यावर भांडण मिटले, असे असीसी संग्रह सांगतो. या कडव्यात ‘पेर’ला कर्त्याचा अर्थ अगदी सहज लागतो: क्षमा करणारे क्षमा करूनच देवाची स्तुती करतात. दुसरे कडवे मृत्यूचे. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस वारला, त्याच्या थोडे आधी ते रचले गेले, आणि त्यात देहाच्या मृत्यूला भगिनी म्हटले आहे. मराठीत मृत्यू पुल्लिंगी, मरण नपुंसकलिंगी. मरणाला स्त्रीरूप देऊन नात्याने हाक मारण्याची आपल्याकडे एकच जुनी रीत आहे, ती मरीआईची. आणि त्या आईला गाड्यावर बसवून गावच्या शिवेबाहेर पोचविण्याची चाल होती. फ्रान्सिसने आपल्या या भगिनीचे स्वागत केले, असे चरित्रकार लिहितो. भाषांतरकाराने येथे ‘भगिनी’ हा शब्द तसाच ठेवावा आणि वाचकाला थोडे बिचकू द्यावे. ‘पेर’चा प्रश्न मात्र या कडव्यात इतरत्र आहे तेवढा कठीण राहत नाही. मृत्यूबद्दल आभार हे ओढूनताणून होते, मृत्यूने गाणे म्हणणे हेही कल्पनेला जड जाते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र आपल्या मरणाच्या योगे देवाचे गौरव करील असा जो निर्देश आहे, तेथे मराठी बायबलात ‘मरणाने’ असे तृतीयेचेच रूप वापरलेले आहे.